चौदावी थाप

नाशकात भुताचा सिनेमा लागायचा शुक्रवारी, पण तो खरोखर भुताचा आहे की नुसता पिठाच्या गिरणीतून आलेल्या नटांचा, हे ठरायचं मंगळवारी. त्या दिवशी साप्ताहिक 'चौकशी'च्या तिसऱ्या पानावर 'थरकाप' नावाचं सदर येई. भद्रकालीतल्या सलूनपासून देवळालीच्या बसपर्यंत लोक ते वाचत, आणि मगच तिकिटाला हात घालत. ते सदर लिहिणारा माणूस भूत मानत नव्हता.

जयराम सावळीराम गांगुर्डे हे त्याचं नाव. नगरपालिकेच्या शाळेत सकाळपाळीला भूमिती आणि चित्रकला शिकवायचे, म्हणून गावभर गांगुर्डे मास्तर. बेताची उंची, पांढरा सदरा, खिशात कंपासपेटीतला अर्धा तुटलेला कोनमापक. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतांचीही बोळवण केली होती. सावळीराम म्हणायचे, "भूत हे देवाचं धाकटं भावंड. थोरल्याला घराबाहेर काढलं, मग धाकट्याला कशाला जेवू घालायचं?" मास्तरांनी हा वारसा चोख सांभाळला. भूत नाही याची खात्री करून घ्यायला ते लागेल तो प्रत्येक भुताचा सिनेमा बघत. इतक्या वेळा खात्री करून घेणारा माणूस नाशकात दुसरा झाला नाही.

त्यांना हे काम देणारा संपादक म्हणजे ढुंढिराज. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यायांचं. सकाळी घाटावर यजमानांच्या पितरांना पिंड, दुपारी छापखान्यात खिळे जुळवणं. ढुंढिराजाचा भुतांवर पूर्ण विश्वास होता, म्हणून तर तो त्यांचा सिनेमा बघायला जात नसे. "मास्तर," तो पास पुढे करत म्हणायचा, "मी दिवसभर त्यांच्यातच असतो. तिकीट काढून कशाला भेटू? तुमची काही ओळखदेख नाही, तुम्ही जा."

मास्तरांची परीक्षा घ्यायची रीत न्यारी होती. शाळामास्तर तो, मोजल्याशिवाय गुण कसा देणार? चार आण्यांचे खारे दाणे घ्यायचे, पुडी शेजारच्या अनोळखी प्रेक्षकासमोर धरायची, आणि खेळभर धरूनच ठेवायची. फुकटचे दाणे खाताना नाशिककराचा हात ज्या क्षणी तोंडाच्या वाटेवर थांबतो, तो खरा भीतीचा क्षण. असा थांबलेला प्रत्येक दाणा मास्तर मोजत. मग मंगळवारी छापून येई : 'प्रेताची वरात बरी आहे, मात्र प्रेत अभिनय करते. दाणे दोन.' किंवा, 'चेटकिणीला ठसका लागला तेव्हाच काय ती दया आली. दाणे शून्य.' येऊ घातलेल्या सिनेमांचं भाकीतही ते वर्तवत. पोस्टरवर कवटीपेक्षा नायिका मोठी असेल तर दाणा फुकट जाणार हे ठरलेलं. सहा वर्षांत सर्वांत जास्त दाणे पडले ते नऊ, आणि त्यातले चार त्या शेजाऱ्याच्या दाढदुखीमुळे, असं मास्तरांनीच प्रामाणिकपणे पुढच्या अंकात कळवलं.

स्वतः मास्तरांचा हात मात्र कधी थांबला नाही. मला भीती वाटत नाही, असं ते सांगायचे तेव्हा त्यात बढाई नसायची. एखाद्यानं मला गोडाची चव लागत नाही म्हणावं, तसं सांगायचे.

ती चव लागली अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये, सुलोचन टॉकीजमध्ये.

सुलोचन म्हणजे पूर्वीचं तंबाखूचं गोदाम. वर पत्रे, बाल्कनी नाही, मागे एक मोठं दार, डाव्या भिंतीला अंगणात उघडणारी तीन दारं. सातशे खुर्च्या. सिनेमा चालला की मालक मोतीरामशेठ मधल्या वाटेवर आणखी साठ लोखंडी खुर्च्या टाकत. उन्हाळ्यात पहिल्या ओळीतल्या माणसाला अजून तंबाखूची शिंक यायची.

त्या दिवशी मास्तरांबरोबर मालनबाई होत्या. मालनबाई निफाडकडच्या. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी नवऱ्याबरोबर सिनेमाला आल्या नव्हत्या. "तुमची ती मेलेली माणसं बघायला पैसे कशाला? आमच्या भावकीत जिती तशी हायेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण त्या दिवशी पासावर दोन माणसांची सोय होती आणि घरी पाणी आलं नव्हतं, म्हणून आल्या.

मालनबाईंना दमा होता. पाऊण तासानं पडद्यावर तळघरातली बाई दार बडवायला लागली आणि इकडे मालनबाईंचा श्वास अडकला. मास्तर त्यांना धरून डावीकडच्या मधल्या दाराशी गेले आणि दार ढकललं. दार हललं, पण उघडलं नाही. पलीकडून लोखंडावर लोखंड वाजलं.

बाहेरून कुलूप होतं.

मास्तरांनी दारावर थाप मारली. मग मूठ मारली. मग दोन्ही मुठी. पडद्यावरची बाईही त्याच वेळी दोन्ही मुठींनी दार बडवत होती, किंचाळत होती, आणि प्रेक्षक खूश होते. मागे मोठ्या दाराकडे जावं तर मधल्या वाटेवर साठ खुर्च्या आणि त्यांवर साठ माणसं. "बसा की मास्तर!" कुणीतरी ओरडलं. मालनबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या. त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. इंटर्व्हल व्हायला सतरा मिनिटं होती. मास्तरांनी ती सगळी मोजली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

इंटर्व्हलला कुलूप निघालं तेव्हा दारात निवृत्ती डोअरकीपर उभा होता. पन्नाशीचा, खाकी कोट, कानावर विडी.

"अरे निवृत्ती, मी पाऊण... मी किती वेळ दार वाजवतोय! ऐकू नाही आलं?"

"आलं ना मास्तर," निवृत्ती सरळ म्हणाला. "पर मला वाटलं शिनेमातलं हाय. रोजच वाजतं ते. ती बाई दार बडवायला लागली म्हंजे मी चहाला जातो, ती मरून ऱ्हायली म्हंजे येतो. घड्याळ लागत नाय."

मालनबाईंना अंगणातल्या हवेत श्वास आला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुमच्या भुताच्या हातून नाय मेले. कुलपाच्या हातून मेले असते." आणि पदरानं तोंड पुसून घरी चालायला लागल्या.

त्या रात्री मास्तरांना झोप आली नाही. त्यांच्या लक्षात एक साधी, भूमितीसारखी सरळ गोष्ट आली होती. इतर कुठल्याही सिनेमात आतला माणूस ओरडला तर बाहेरच्याला कळेल. भुताच्या सिनेमात मात्र सातशे साठ माणसं जिवाच्या आकांतानं दार बडवू लागली, तरी बाहेर उभा असलेला माणूस म्हणेल, आज आवाज छान लागलाय.

दुसऱ्या दिवशी ते मोतीरामशेठकडे गेले. शेठ माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्यानं चहा मागवला, वहिनींची तब्येत विचारली, आणि म्हणाला, "मास्तर, कुलूप काढलं तर आतलं एक पोरगं कडी काढतं आणि बाहेरची चाळीस आत घेतं. तुम्हीच सांगा, टॉकीज चालवू की धर्मशाळा?"

"आणि आग लागली तर?"

"चौदा वर्षांत लागली नाही," शेठ म्हणाला. त्याला ते उत्तर वाटत होतं.

मग मास्तरांनी त्यांना येत होतं ते केलं. लेख लिहिला. सुलोचनचं नाव, दारं किती, कुलपं किती, सगळं. ढुंढिराजानं तो उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसला.

"मास्तर, शेवटच्या पानावर काय असतं?"

"सुलोचनची जाहिरात."

"तिच्यावर कागद येतो. त्या कागदावर तुमचं तिसरं पान असतं." ढुंढिराजानं कपाळाला हात लावला. "नाव काढा. जागा काढा. मग काय ते लिहा. लोकांना कळायचं ते कळतं हो."

इथे मास्तर चुकले. त्यांनी नाव काढलं, जागा काढली, आणि मजकूर 'आगामी भयपट' या मथळ्याखाली टाकला. 'एका गावात एक चित्रगृह आहे. त्याची दारे बाहेरून बंद केली जातात. आत भुताचा खेळ चालू असताना खरे संकट येते. आतली माणसे दारावर थापा मारतात. बाहेरचा माणूस शांतपणे चहा पितो, कारण त्याला त्या थापा खेळातल्या वाटतात. ह्या चित्रपटाला मी दाणे देणार नाही. मी स्वतः पुडी टाकून पळालो.'

गांगुर्डे मास्तर पुडी टाकून पळाले! नाशिक हादरलं. बुधवारी सकाळी सुलोचनच्या खिडकीवर माणसं उभी. "तो दारं बंदचा कधी लावताय?" "आगाऊ तिकीट द्या." एकजण तर निफाडहून द्राक्षांची पेटी घेऊन आला होता, मागच्या ओळीतली जागा राखून ठेवायला. मास्तर शाळेतून येताना तिघांनी त्यांना अडवून विचारलं, शेवटी कोण मरतं?

"तुम्ही," मास्तर म्हणाले.

"वा!" ते तिघं म्हणाले.

मोतीरामशेठनं दोन दिवस खिडकीवरची गर्दी बघितली आणि तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं चाललं. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे 'तेरहवीं दस्तक' नावाचा सिनेमा येणार होता. ओसाड कोठीच्या दारावर तेरा वेळा थाप पडते, प्रत्येक थापेला घरातलं एक माणूस जातं, अशी काहीतरी भानगड. शेठनं पोस्टरच्या खाली आणखी एक पट्टी चिकटवली. टांगा फिरायला लागला, कर्ण्यातून आवाज पंचवटीपर्यंत जाऊ लागला : "दारं बाहेरून बंद! चारही दारांना कुलूप! तेरावी थाप पडेपर्यंत कुणालाही बाहेर सोडलं जाणार नाही! हिंमत असेल तर या!"

आतापर्यंत मोठं दार तरी उघडं असायचं. आता तेही बंद होणार होतं, आणि ते मास्तरांच्या लेखणीनं बंद होणार होतं. मास्तर पुन्हा शेठकडे धावले. शेठनं त्यांना मिठी मारली.

"कल्पना तुमची, मान तुमचा! पहिल्या खेळाला कुलूप तुमच्याच हस्ते!"

"शेठ, मी सांगतोय ते तुम्हाला कळत नाही. माणसं मरतील."

"असंच बोला! अगदी असंच, त्याच आवाजात, भाषणात बोला!"

आपल्याकडे फीत कापायला पाहुणा बोलावतात, कोनशिला बसवायला बोलावतात, पण कुलूप लावायला प्रमुख पाहुणा बोलावल्याची नोंद बहुधा हीच. शुक्रवारी तीनला मोठ्या दारासमोर मांडव, सनई, नारळ. प्रेक्षक आत बसलेले, बाहेर पुढच्या खेळाची गर्दी. मास्तर आले होते ते चार शब्द खडसावून सांगायला. पण खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. माइक हातात धरून ते म्हणाले, "हे करू नका. हे धोक्याचं आहे." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठनं त्यांच्या हातात कुलूप ठेवलं, वर आपला हात ठेवला, आणि दाबला.

खट्.

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ किंकाळ्या ऐकल्या होत्या. त्या आवाजानं मात्र त्यांचा हात थांबला. तसाच, शेठच्या हाताखाली.

ते आत गेले नाहीत, घरीही गेले नाहीत. अंगणात वळून मधल्या दारापाशी गेले आणि तिथल्या लाकडी खोक्यावर बसले. निवृत्ती बघत राहिला.

"मास्तर, शिनेमा आत हाय."

"मी इथेच बसतो."

"आन् लिव्हणार काय?"

"किल्ली कुठाय?"

निवृत्तीनं कोटाचा खिसा थोपटला. शेठनं चारही कुलपं एका किल्लीची घेतली होती, घाऊकात स्वस्त पडली म्हणून.

"निवृत्ती, तू चहाला जायचं तेव्हा किल्ली माझ्याकडे देऊन जायचं."

"मला चहा बी नगं आन् नोकरी बी जायला नगं," निवृत्ती म्हणाला. "शेठचा हुकूम हाय, तेरावी थाप हुईस्तोवर कुलपाला हात लावायचा नाय. आजवर बाई मरून ऱ्हायली का उघडत व्हतो. आता तेरा मोजायच्या."

दिवसामागून दिवस मास्तर शाळा सुटली की जेवून सुलोचनला जात, तीनचा आणि सहाचा खेळ त्या खोक्यावर बसून ऐकत. पाहिला मात्र एकही नाही. पत्र्याच्या भिंतीतून सिनेमा ऐकताना तो वेगळाच होतो. माणसं दिसत नाहीत, नुसते श्वास येतात. पहिल्या थापेनंतर कुत्रं रडतं. चौथी आणि पाचवी जवळजवळ. नववीच्या आधी बराच वेळ काहीच नसतं, आणि तेव्हा आतल्या साडेसातशे माणसांची शांतता दाराच्या फटीतून बाहेर येते. ती शांतता मास्तरांना सगळ्यांत नकोशी वाटे. सगळे जिवंत आहेत की नाहीत, हे त्या शांततेत कळायचा मार्गच नव्हता. मग तेरावी, मोठी, घणासारखी. त्यानंतर संगीत, आणि निवृत्ती उठून कुलपं काढी. लोक घामाघूम, हसत बाहेर येत. "मास्तर, भारी! कुलपामुळे मजा आली!"

घरी मालनबाई विचारायच्या, "आज?"

"आज काही नाही."

"मग उद्या हाय," त्या म्हणायच्या आणि भाकरी उलटवायच्या.

दुसऱ्या आठवड्यापासून निवृत्तीही चहाला जाईनासा झाला. तसं त्यानं बोलून दाखवलं नाही. नुसता खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला, आणि दोघं मिळून थापा मोजू लागले.

दुसऱ्या रविवारी तीनच्या खेळाला देवळाली कॅम्पातून दोन बसभर माणसं आली होती. जवानांच्या बायका, सासवा, डबे. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसेल. शेठनं मधल्या वाटेवर साठाऐवजी ऐंशी खुर्च्या टाकल्या होत्या.

पहिली थाप झाली. कुत्रं रडलं. चौथी, पाचवी. नववीच्या आधीची शांतता मास्तरांना त्या दिवशी जरा खवखवल्यासारखी वाटली. कुणीतरी खोकत होतं. दहावी. अकरावी. बारावी. मग घणासारखी तेरावी.

"झाल्या तेरा," निवृत्ती उठला.

संगीत सुरू झालं नाही. त्याऐवजी आणखी एक थाप पडली.

निवृत्ती अर्धवट उठलेला तसाच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती.

"रीळ मागं सरकलं आसंल," निवृत्ती हळू म्हणाला. "कवा कवा व्हतं."

"निवृत्ती, उघड."

"मास्तर, संगीत नाय झालं. शेठ म्हनत्याल..."

पंधरावी थाप. ती हलकी होती, आणि खालून आली होती. दाराच्या तळाशी, गुडघ्याच्याही खाली, जिथे उभा माणूस कधी थाप मारत नाही.

मास्तर उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला, वर्गात पोराच्या हातातून गोटी मागतात तसा. निवृत्तीनं त्यात किल्ली ठेवली.

दार उघडलं तशी एक बाई बाहेरच्या फरशीवर आडवी पडली. ती दाराला टेकून बसली होती. आणि तिच्या मागून, अंधारातून, जळक्या काथ्याचा वास आला. मागच्या डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी विडी खुर्चीच्या गादीत गेली होती. ज्वाळा नव्हती. नुसता धूर, जाड, पिवळट, छताखाली साचत पुढे सरकणारा. पडद्याचा उजेड त्यातून येत होता, आणि त्या उजेडात मास्तरांना प्रेक्षक दिसले.

प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

"शेठनं धूर पण सोडला!" कुणीतरी खोकत खोकत म्हणालं. "पैसे वसूल!" मागच्या ओळींतली माणसं डोळे पुसत होती, धापा टाकत होती, आणि जागची हलत नव्हती. हिंमत असेल तर या, असं शेठनं सांगितलं होतं. आधी उठेल तो भित्रा.

"आग!" मास्तर ओरडले.

सगळं थिएटर हसलं. "ए, पाहुणे आले! कुलूपवाले पाहुणे!"

पुन्हा ओरडावं तर पुन्हा हसतील. आणि समजा पटलंच, तर आठशे माणसं एकदम त्या एका दारावर येतील. भूमितीच्या मास्तराला ते गणित मांडायला कागद लागत नव्हता. साडेतीन फुटांचं दार.

त्यांनी किल्ली निवृत्तीच्या हातात दिली. "मोठं दार, मग बाकीची दोन. आणि ऑपरेटरला दिवे लावायला सांग." मग ते आत शिरले, खुर्चीवर चढले, आणि प्रार्थनेच्या रांगेपुढे लावायचे तो आवाज लावला.

"ऐका! चौदावी थाप बाहेर अंगणात आहे! ज्यांच्याकडे अर्धं तिकीट आहे त्यांना शेठजींतर्फे चहा फुकट! मागच्या ओळी आधी! पळेल त्याला चहा नाही! ओळ मोडेल त्याला चहा नाही!"

फुकट चहा म्हटल्यावर नाशिककर भुतालाही बाजूला सारतो. मागच्या ओळी उठल्या. खोकत, हसत, अर्धी तिकिटं हातात वर धरून, एकामागून एक. मास्तर खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "ओळ! ओळ! ए टोपीवाले, ढकलू नका!" धूर त्यांच्या डोक्यापर्यंत उतरला तेव्हा ते खुर्चीवरून खाली आले आणि वाकून ओरडू लागले. निवृत्तीनं मोठं दार उघडलं. दिवे लागले. दिवे लागल्यावर लोकांना छत दिसलं, किंवा खरं तर दिसलं नाही, आणि हसणं एकदम बंद झालं. पण तोवर निम्म्याहून जास्त माणसं बाहेर होती आणि चारही दारं उघडी होती.

शेवटची माणसं निघाली आणि मागच्या दोन ओळी भडकल्या. अंगणातल्या हौदातलं पाणी बादल्यांनी मारून आग विझवली. सोळा खुर्च्या गेल्या. माणूस एकही नाही.

अंगणात आठशे माणसं अर्धी तिकिटं घेऊन चहा मागत होती.

फरशीवर आडवी झालेली बाई आता भिंतीला टेकून बसली होती. देवळालीची होती, लताबाई नाव, नवरा तोफखान्यात. मास्तर तिच्याजवळ उकिडवे बसले.

"बाई, तुम्ही केव्हापासून वाजवत होतात?"

"सातव्या थापेपासनं," लताबाई म्हणाली. "मागंच बसले होते, धूर पहिला मलाच लागला. पण मी मारली की आतली पण पडायची. माझी मला ऐकू येईना. मग म्हटलं, त्यांच्या तेरा होऊ द्यात, मग मारू."

मास्तरांनी मनात पुन्हा मोजलं. त्या चौदावीआधी आपण तेराच मोजल्या होत्या. बरोब्बर तेरा, रोजच्यासारख्या. त्यांतल्या कुठल्या हिच्या होत्या, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

पाच वाजता मोतीरामशेठ आला. त्यानं जळक्या खुर्च्या बघितल्या, फाटकाबाहेर सहाच्या खेळासाठी लागलेली दुप्पट रांग बघितली. बातमी पसरली होती, की सुलोचनमध्ये आता धूरसुद्धा सोडतात.

"मास्तर," शेठचे डोळे रांगेवर होते, "झालं ते झालं. सोळा खुर्च्यांवर पडदा टाकू. सहाला पुन्हा कुलपं लागू द्या."

मास्तर एकेका दारापाशी गेले, चारही कुलपं काढली, शाळेच्या कापडी पिशवीत टाकली आणि पिशवी सायकलला अडकवली.

"ही चोरी आहे हं मास्तर! मी तक्रार करीन!"

"करा ना," मास्तर म्हणाले. "काय काय चोरीला गेलं ते लिहून द्यावं लागेल. चार कुलपं. कुठे होती? दारांना. कुठल्या बाजूनं? आत किती माणसं होती? किती वाजता? सगळं लिहावं लागेल, शेठ. मी अक्षर चांगलं काढून देतो."

शेठनं निवृत्तीकडे वळून मोठ्यानं म्हटलं, "सहाचा खेळ रद्द. पैसे परत दे." आणि निवृत्ती इतक्या वेगानं पळाला, की त्याच्या कानावरची विडी पडली.

मंगळवारी 'चौकशी'च्या शेवटच्या पानावर सुलोचनची जाहिरात नव्हती. शेठनं पास आणि जाहिरात दोन्ही बंद केली होती. ती रिकामी जागा भरायला ढुंढिराजाकडे मास्तरांचा जुना लेख होता, नावानिशी, दारांनिशी. त्यानं तो तसाच्या तसा छापला, एकही शब्द न बदलता. मास्तर भेटले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "दुसरं काही नव्हतं हो जुळवलेलं." मास्तरांनी मान डोलावली. घाटावर माणसं जेव्हा लाजतात तेव्हा पितरांचं नाव सांगतात, ढुंढिराजानं छापखान्यातल्या खिळ्यांचं सांगितलं, एवढंच.

सुलोचनला पुन्हा कुलपं लागली नाहीत. फुकटे खूप शिरू लागले, आणि 'तेरहवीं दस्तक' तिसऱ्याच आठवड्यात उतरला. मास्तरांचं सदर चालू राहिलं, पुढे घरोघर व्हिडिओ आला तोपर्यंत. पण कुठल्याही सभागृहात शिरले की आधी भिंतीकडेनं जाऊन ते प्रत्येक दार ढकलून बघत. लग्नातसुद्धा. मालनबाईंना त्याची लाज वाटत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी लताबाई घरी आली. बरोबर डब्यात साटोऱ्या आणल्या होत्या. मालनबाईंनी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग मास्तरांना राहवलं नाही. दहा दिवस तो सिनेमा त्यांनी भिंतीपलीकडून ऐकला होता, आणि पास गेल्यावर कधी पाहिला नाही.

"लताबाई, एक सांगा. ते दार वाजवत कोण होतं शेवटी?"

लताबाईनं कप खाली ठेवला. "मला काय माहीत मास्तर? मी तर दारापाशी होते ना."

तिघंही हसले. चहा निवत होता, आणि कुणाचाच हात कपाकडे जात नव्हता.